देवाच्या वाट्याचं काळीज

सकुबाईला वाटेत कुणी सहज विचारलं, "काय गो, बरी हायस ना?" तर ती पाय न थांबवता उत्तर द्यायची, "कुठली बरी. वैतागलेय." आणि त्यात खोटं काही नसायचं. मुरबाडच्या दवाखान्यात ती दाई होती. दाईनं बाळंतपणं करावीत, एवढंच तिला नेमताना सांगितलं होतं. मग जखमा धुणं आलं, डोंगराखालच्या पाड्यांवर जाऊन गोळ्या वाटणं आलं, आणि लढाई सुरू झाल्यावर तर नवीनच लचांड तिच्या गळ्यात पडलं. कोयनेल मिळेनासं झालं. जे काय मिळेल ते खऱ्या हिवतापवाल्यालाच द्यायचं असा हुकूम आला. आता खरा हिवतापवाला कोण, हे कपाळावर लिहिलेलं असतं का? म्हणून सकुबाईनं पाड्यापाड्यावर जायचं, लोकांच्या बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरायचा, आणि ती काच फडक्यात गुंडाळून डॉक्टरांपुढे आणून ठेवायची.

लोक काय बोट पुढे करतात होय. सकुबाई दिसली की पाड्यातली माणसं भाताच्या उडव्यांमागे जाऊन बसायची. कुणीतरी आवई उठवली होती की हे रक्त गोऱ्या सोजिरांना भरतात. सकुबाई म्हणायची, "अरे मेल्यांनो, तुमच्या अंगात तुम्हालाच पुरेल एवढं रक्त नाय, त्या सोजिरांना काय देणार?" तरी कुणाला पटायचं नाही. तिला एकेका थेंबासाठी अर्धा अर्धा दिवस भांडावं लागायचं, आणि घरी येताना टोपलीत एखादी काच फुटलेली असायचीच.

ती मूळची शहापूरकडच्या कुणब्याच्या घरातली. लग्नानंतर लवकरच नवरा गेला. भावांच्या दारात भाकरी मोडत बसण्यापेक्षा ठाण्याला जाऊन सुईणीचं काम शिकलेलं बरं, असं तिनं ठरवलं आणि कुणाला न विचारता निघून गेली. तेव्हापासून तिचा स्वभाव असा झाला की मुळातच तसा होता, यावर तिच्या भावजयांचं अजून एकमत नाही. एक मात्र खरं, अडलेल्या बाईच्या उशाशी सकुबाई बसली की त्या बाईला शिव्या ऐकाव्या लागत, पण बाई सुटायची.

डॉक्टर टिपणीस तिच्या अगदी उलट. माणूस कधी चिडायचाच नाही, आणि त्याचाच सकुबाईला राग यायचा. दवाखान्याच्या खिडकीशी त्यांचा सूक्ष्मदर्शक मांडलेला असायचा. सगळे त्याला दुर्बीण म्हणत. खालचा आरसा उन्हाकडे वळवून डॉक्टर डोळा लावून बसले की तासन्तास बसायचे. एक दिवस त्यांनी तिला हाक मारली. "सकुबाई, जे गोळा करता ते एकदा बघा तरी."

तिनं बघितलं. गुलाबी चकत्याच चकत्या. डॉक्टर बाजूला उभे राहून सांगत होते. या तांबड्या पेशी. हिच्या पोटात जांभळी अंगठी दिसते ना, तो हिवतापाचा जंतू. आता ही दुसरी काच बघा. यातल्या चकत्या लहान आहेत, कडेला जेमतेम रंग आणि मधे सगळं पोकळ. अंगात लोह राहिलेलं नाही. ही माणसं अनवाणी शेतात फिरतात, मातीतून आकड्यासारखे जंत अंगात शिरतात, आतड्याला डसून रक्त पीत बसतात.

"बांगड्याच की," सकुबाई म्हणाली.

मग तो तिचा शब्दच झाला. काच बघून डॉक्टर काही बोलायच्या आधी ती विचारायची, "अंगठी का बांगडी?" अंगठी असली तर कोयनेल, बांगडी असली तर जंतांचं औषध आणि लोहाच्या गोळ्या. बहुतेक बांगडीच असायची. अख्खा तालुका पांढरा पडलाय आणि कुणाला त्याची फिकीर नाही, म्हणून ती आणखी वैतागायची.

कान्हा भगताचा पाडा माळशेजच्या डोंगराला टेकून होता. कान्हा म्हणजे आसपासच्या सगळ्या पाड्यांचा भगत. कुणाला ताप आला, गाय आटली, सून रुसून गेली, की लोक त्याच्याकडे यायचे. तो सुपात तांदूळ टाकायचा, दाणे बोटानं सारत बघत बसायचा, आणि सांगायचा कुठला देव कशापायी कोपलाय. मग कोंबडं नाहीतर बोकड. सकुबाईचं आणि त्याचं कधी पटलं नव्हतं. पण तिला माणूस लबाड वाटत नव्हता, आणि तीच तर खरी पंचाईत होती. लबाड असता तर शिव्या देऊन मोकळी झाली असती. कान्हा जे सांगायचा त्याच्यावर त्याचा स्वतःचा पुरता विश्वास होता.

त्याची लेक लहानी उंबरमाळीकडे दिलेली. तिचा नवरा कमळू कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर होता. लहानीचं पहिलं मूल जन्मताच गेलं होतं. आता दुसऱ्या वेळेला दिवस गेले तेव्हा ती खंगली, म्हणून कमळूनं तिला बापाकडे आणून सोडली. दसऱ्याच्या सुमाराला सकुबाईनं तिला पाहिलं. लहानी ओट्यावर बसली होती. उठून आत जाईपर्यंत तिला धाप लागली.

तिची आई मंगळी मात्र खुशीत होती. "कशी भरलीय बघ गो. आली तवा नुसती काठी व्हती."

सकुबाईनं लहानीचा पाय धरून नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरेचना. "ही भरलेली नाय गो बाय, सुजलीय," ती म्हणाली. "आणि तू हिला बघून खूश होतेस. कमाल आहे तुमची." तिनं लहानीची पापणी खाली ओढली. आतून पांढरीफटक. झालं, आणखी एक बांगडी, असं मनाशी म्हणत तिनं लोहाच्या गोळ्या काढून दिल्या आणि काच न घेताच ती पुढच्या पाड्याकडे वळली. सगळ्या बायका अशाच असताना प्रत्येकीची काच कशाला घ्यायची?

दिवाळीला ती परत आली तेव्हा लहानी ओट्यावर नव्हती. आत गोधडीवर पडून होती. गोळ्या नेमानं घेतल्या होत्या, हे मंगळीनं देवाची शपथ घेऊन सांगितलं. सकुबाईनं तोंड उघडायला लावलं. जीभ लालबुंद, तुळतुळीत, सोलून काढल्यासारखी. "तिखट लागतं का गो?"

"पाणी बी झोंबतं, मावशी," लहानी म्हणाली.

मग मात्र सकुबाईनं काच काढली. थेंब इतका पातळ आला की काचेवर ओघळायलाच लागला. ती त्याच पावली मुरबाडला निघाली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर डॉक्टर दुर्बिणीशी बसले. सकुबाई मागे उभी. "अंगठी का बांगडी?"

डॉक्टरांनी काच थोडी सरकवून पुन्हा डोळा लावला. मग सरकून त्यांनी तिला जागा दिली. तिनं डोळा लावला. अंगठी नव्हती, बांगडीही नव्हती. चकत्या थोड्याच होत्या, पण एकेक चकती मोठीच्या मोठी, काही तर अंड्यासारख्या लांबट, आणि मधे पोकळी कुठे नाहीच. काठोकाठ रंग.

"हे तर चांगलं आहे की," ती म्हणाली. "भरलेल्या आहेत."

"तुमची ती मंगळी असंच म्हणाली ना, पोरगी भरलीय म्हणून?" डॉक्टर म्हणाले. "या पेशी पिकायच्या आधीच फुगल्यात. थोड्या तयार होतात आणि लवकर मरतात. लोह कमी पडल्यावर पेशी लहान होतात. इथे लोह आहे, पण दुसरंच काहीतरी कमी आहे. अन्नातून यायला हवं असं काहीतरी. नेमकं काय, ते अजून कुणाला नीट ठाऊक नाही. पण मुंबईत गरोदर बायकांमध्ये हे पुष्कळ पाहिलंय. यीस्टचं एक काळं चाटण मिळायचं, त्यानं बायका उठून बसायच्या. लढाईमुळे ते आता येत नाही. दुसरा उपाय काळीज, म्हणजे यकृत. बोकडाचं, नीट खाऊ घालायचं, एकदा नाही, सारखं. तुमच्या लोहाच्या गोळ्यांनी हिला काही व्हायचं नाही. आणि असंच राहिलं तर बाळंतपणात ही जगेल असं मला वाटत नाही."

सकुबाई काळजाचं नाव ऐकून निघाली तीच घाईनं. पाड्यावर पोचल्यावर तिनं मंगळीला आणि कान्ह्याला समोर बसवून, पोरांना सांगतात तसं सांगितलं. "बोकडाचं काळीज. लहानीसाठी. औषध आहे ते. कळलं?"

कान्ह्यानं मान डोलावली. "बरं झालं सांगितलंस. माझ्या तांदळातबी बोकडच आला व्हता."

एवढ्या सहजासहजी कुणी ऐकतं असा सकुबाईचा अनुभव नव्हता. तिला वाटलं, पोरीच्या जिवापुढे माणूस शहाणा होतो. जाताना ती चक्क गुणगुणत गेली म्हणे.

पुढच्या आठवड्यात येऊन बघते तर लहानी होती त्याहून पांढरी. "काळीज दिलंत का?"

"दिलं की," मंगळी म्हणाली. "बोकड कापला. अख्खा पाडा जेवला."

"लहानीनं खाल्लं?"

मंगळीनं असं बघितलं की जणू सकुबाईनं काहीतरी अभद्र विचारलं. "काळीज देवाचं असतं गो. देवाच्या नावानं भगत खातो. बाईमाणसानं त्याला हातबी लावायचा नाय."

तर घडलं होतं ते असं. लहानीच्या जिवासाठी बोकड आणला, लहानीचं नाव घेऊन कापला, आणि त्यातलं तेवढं एक औषध भगतानं देवळामागे जाऊन, निखाऱ्यावर भाजून, लोकांकडे पाठ करून खाऊन टाकलं. तो रिवाजच होता. भगत एकटा खातो, खाताना कुणी पुढून बघायचं नाही. लहानीला रश्शाचं पाणी मिळालं, तेही झोंबलं म्हणून तिनं सोडलं. सकुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ओसरीवरून उतरली आणि थेट कान्ह्यापुढे जाऊन उभी राहिली.

"पोरीचं औषध तू खाल्लंस?"

"देवानं खाल्लं," कान्हा म्हणाला. त्याचा आवाज ओढलेला होता. पोरीच्या उशाशी बसून त्याची झोप गेली होती, हे दिसत होतं. "माझी का खायाची इच्छा व्हती? घास गिळत नव्हता. पन त्याचा वाटा त्याला पोचला नाय तर पोरगी वाचायची कशी?"

"इकडे ये." तिनं पुढे होऊन त्याची पापणी खाली ओढली. आत लालचुटूक. वर्षानुवर्षं ती या डोंगरात पापण्या ओढत होती आणि अशी पापणी तिनं कुणाची पाहिली नव्हती.  आठ पाड्यांचे बोकड, आठ पाड्यांची कोंबडी, आणि सगळ्यांची काळजं या एका माणसाच्या पोटात. बाकीचे पांढरे पडणार नाहीत तर काय?

"बोट दे," ती म्हणाली.

"मला काय झालंय?"

"तुला काहीच झालेलं नाय, म्हणून दे. तू तांदूळ बघतोस ना? बाजारच्या दिवशी मुरबाडला ये. मी तुला माझे तांदूळ दाखवते. मग तुझ्या देवाला काय विचारायचं ते विचार."

तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण बाजारच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर कान्हा बसलेला होता, डोक्याला धुतलेलं मुंडासं. डॉक्टरांनी त्याला स्टुलावर बसवलं, एक डोळा मिटायला शिकवलं. कान्हा बघत राहिला. सुपात बघायचा तसाच, घाई न करता.

"कुनाचं हे?"

"तुझं," सकुबाई म्हणाली.

"एकसारखे हायत. एका मळणीचे." मग डॉक्टरांनी काच बदलली. कान्हा पुन्हा वाकला आणि या वेळी जास्त वेळ बघत बसला. "ह्यो मोठा. ह्यो लांबट. ह्यो फाटलेला. मोकळी जागा लई. पीक थोडं हाय." तो थांबला. "हे लहानीचं."

कुणी त्याला सांगितलं नव्हतं. डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "दिसायला टपोरे आहेत. पण पुरते तयार झालेले नाहीत. काळजात असं काहीतरी असतं की त्यानं ते तयार होतात."

"आन् ते माझ्या पोटात गेलं," कान्हा म्हणाला. तो उठला, मुंडासं सारखं केलं आणि निघून गेला. सकुबाईनं कपाळावर हात मारला. दिवसभराचं काम सोडून याला बसवून दाखवलं, आणि हा उठून चालता झाला.

पण पुढच्या खेपेला ती पाड्यावर गेली तेव्हा मंगळी चुलीपाशी बसून लहानीला पळसाच्या पानातले भाजलेले तुकडे भरवत होती. पातळ तांदळाच्या पेजेत कुस्करून, जिभेला झोंबू नये म्हणून मीठही न घालता. कान्हा दारात बसला होता. "अर्धं हाय," त्यानं सांगितलं. "अर्धं देवाचं, ते मी खाल्लं. अर्धं त्याचा परसाद म्हनून लेकीला दिलं. परसादाला कुनाची ना नाय."

"अर्धं?" सकुबाई कडाडली. "पोरगी मरायला टेकलीय आणि तू अर्ध्यावर अडलास?"

"अर्ध्याच्या वर मला जमायचं नाय."

त्या दिवसापासून तो अर्ध्याचा तंटा सुरू झाला. भात घरात आलं होतं, लोक नवस फेडत होते, आठवड्याला कुठल्या ना कुठल्या पाड्यावर कोंबडं नाहीतर बोकड पडत होता. कान्हा देवळामागे जायचा, पाठ करून बसायचा, त्याचा जबडा हललेला लोक लांबून बघायचे, आणि मग तो पानाचा पुडा घेऊन घराकडे यायचा. तुकडे केलेलं, भाजलेलं असायचं. आणि सकुबाई प्रत्येक खेपेला पाड्याच्या मधोमध उभी राहून त्याचा उद्धार करायची. "बघा रे, बापाला पोटच्या पोरीपेक्षा आपलं पोट जड. देवाच्या नावानं चरतोय. लाज नाय वाटत?" लोक खाली मान घालून हसायचे. एकदोघा म्हाताऱ्यांनी तर कान्ह्याचीच बाजू घेतली. अर्धं देवाला पोचतंय तोवर आमची काय तक्रार नाय, म्हणाले. कान्हा कधी उलटून बोलला नाही. त्याच्या त्या गप्प बसण्यानं तिला आणखी चेव यायचा.

लहानी मात्र सावरली. आधी जीभ निवळली. मग पायाची सूज उतरली आणि खरोखरची काठीसारखी पोरगी दिसायला लागली, तेव्हा मंगळीला वाटलं की ही वाळत चाललीय. सकुबाईनं तिला सरळ हाकलून लावलं. डॉक्टरांनी कुठून तरी काळजाच्या अर्काची थोडी इंजेक्शनं मिळवली, तीही दिली. पौषातल्या काचेवर चकत्या नेहमीएवढ्या झालेल्या, गोल, दाटीवाटीनं बसलेल्या. "बघा," डॉक्टर म्हणाले, "पीक आलं." माघात लहानी बाळंत झाली. मुलगी झाली, रडकी, चांगली जाड आवाजाची. सकुबाईनं नाळ कापली, पोरीला फडक्यात गुंडाळलं, बाहेर येऊन कान्ह्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "अख्खं दिलं असतंस तर याहून बाळसेदार झाली असती."

कान्हा हसला. त्याच्या हाताला कंप होता, पण आजा होताना कुणाचाही हात कापतो, असं तिला वाटलं.

मुलगी अंगावर पीत होती म्हणून पानाचे पुडे येतच राहिले. वैशाखात पाड्यावर कुणाला तरी ताप आला म्हणून सकुबाई चढण चढत होती. अर्ध्या वाटेत धोंड्यावर कान्हा बसलेला दिसला. खांद्यावरचं कोकरू खाली सोडलेलं, तोंड उघडं, छाती भात्यासारखी हलत होती. हाच माणूस पाठीवर बोकड टाकून डोंगरावरच्या देवाला एका दमात जायचा.

"काय रे, म्हातारा झालास का?"

"ऊन लागलं," कान्हा म्हणाला.

तिनं नेहमीच्या सवयीनं पापणी ओढली, आणि तिचा हात तसाच राहिला. पांढरी. दुसरी ओढली. तीही पांढरी. हिवताप असणार, असं म्हणत तिनं तिथेच धोंड्यावर त्याचं बोट टोचलं. त्यानं या वेळी काहीच कटकट केली नाही.

डॉक्टर काच बघत होते आणि ती मागे उभी होती. "अंगठीच ना?"

"नाही. बांगडी." डॉक्टरांनी डोळा काढला. "चांगलीच. तालुक्यातल्या इतरांसारखीच. जंत याच्या पोटात पहिल्यापासून असणार, सगळ्यांच्याच असतात. पण ते जेवढं पीत होते तेवढं काळजातलं लोह भरून काढत होतं. आता भरून निघत नाहीये. यानं काळीज खाणं बंद केलंय का?"

"बंद कुठलं," सकुबाई म्हणाली. "अर्धं खातो मेला. त्याच्यावरून तर सहा महिने माझं डोकं उठलंय."

"अर्धं खात असता तर इतकं उतरलं नसतं, सकुबाई," डॉक्टर म्हणाले आणि दुसरी काच लावायला वळले.

सकुबाई तिथेच उभी राहिली. मग तिनं पुढे होऊन स्वतः दुर्बिणीला डोळा लावला. लहान लहान, पोकळ, फिकट बांगड्या. एकही भरलेली नाही. तिला पळसाचे ते पुडे आठवले, तुकडे केलेले, नीट भाजलेले. अख्ख्या काळजाचे तुकडे किती आणि अर्ध्याचे किती, हे तिनं कधी बघितलं होतं? ती नुसती ओरडत होती. जंतांचं औषध आणि लोहाच्या गोळ्या तिनं टोपलीत टाकल्या, आणि कुणाला न सांगता पाड्याची वाट धरली. वाटभर ती कान्ह्याला शिव्या देत होती, आणि मधेच पदरानं डोळे पुसत होती, आणि त्याचाही तिला राग येत होता.

कान्हा अंगणात नातीला मांडीवर घेऊन बसला होता. मंगळी आणि लहानी पाण्यावर गेल्या होत्या. सकुबाई समोर बसली. "तू अर्धं खात नव्हतास."

कान्ह्यानं नातीचं फडकं सारखं केलं.

"थापाड्या, खरं सांग. किती खात होतास?"

"कायबी नाय," कान्हा म्हणाला. "पयल्या खेपेला पानावर ठेवलं, अर्धं करायला सुरी घेतली. ते दाणे दिसाया लागले. हात चाललाच नाय. मग नुसतं तोंड हलवलं."

"आणि मला अर्धं म्हणून सांगितलंस? सहा महिने मला बोंबलायला लावलंस?"

"तू वरडायचीस म्हनून तर लोकांना खरं वाटलं, बाय," तो म्हणाला. "देवाचा वाटा बुडाला असं कळलं असतं तर एकानंबी पुन्हा बोकड आनला नसता. मग लहानीला कुठनं दिलं असतं?"

सकुबाईनं टोपली मांडीवर घेतली.  मग तिनं हळूच विचारलं, "आणि देवाला?"

कान्ह्यानं नातीच्या तोंडावरची माशी हाकलली. "त्याला खोटं सांगितलं. जल्मात पयल्यांदा. धाप लागाया लागली तवा वाटलं, त्यानंच पकडलं. म्हटलं, धर मला, पोरींना सोड."

"देवानं नाय पकडलं. जंत आहेत पोटात," ती म्हणाली. तिनं पाण्याचा तांब्या ओढला, गोळ्या काढल्या आणि त्याच्या तळहातावर ठेवल्या. "या गीळ. माझ्यासमोर."

कान्ह्यानं गोळ्या तोंडात टाकल्या, वर पाणी प्याला, आणि त्याचा जबडा हलला.

सकुबाई पुढे सरकली. तिनं त्याची हनुवटी धरली. "तोंड उघड," ती म्हणाली. "जीभ वर कर. बघू दे मला."